जनरलसाहेबांना थंडी वाजू नये म्हणून

फोटो भिंतीवर चढला सकाळी साडेनऊला आणि अनर्थ झाला साडेअकराला. मधले दोन तास मुकुंदराव त्याच्यापुढून येता-जाता मान तिरकी करून बघत होते आणि दर खेपेला स्वतःवरच खूश होत होते.

"सरळ लागलाय का बघ गं."

"फोटो सरळ आहे. तुम्हीच वाकडे उभे आहात," श्यामलाबाई स्वयंपाकघरातून न बघताच म्हणाल्या.

हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवून मुकुंदराव निवृत्त झाले, त्याला दहा वर्षं होत आली होती. अंगातला मास्तर मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. एकुलत्या एका साकेतनं न्यूयॉर्कहून कळवलं, की मी नूरिस नावाच्या डोमिनिकन मुलीशी लग्न करतोय आणि तिची आई जानेवारीत आपलं घर बघायला येतेय. तेव्हा धारवाडातल्या बाकीच्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला आणि मुकुंदरावांनी पुस्तकांच्या कपाटाला. कपाटात पन्नास सालच्या सुमाराचा एक जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश होता. त्यात त्या देशाला दीड पान दिलेलं होतं. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पूर्वेकडचा भाग. ऊस, कॉफी, कोको. राजधानी सिउदाद त्रुहियो. आणि 'राष्ट्राचे उपकारकर्ते' जनरलिसिमो त्रुहियो यांच्या नेतृत्वाखाली चाललेली चौफेर प्रगती. शेजारी फोटो: छातीभर पदकं आणि डोक्यावर पिसांची टोपी.

"म्हणजे यांचे हे राष्ट्रपुरुषच की!" मुकुंदराव म्हणाले होते. विहीणबाई सात समुद्र ओलांडून येणार, आणि भिंतीवर त्यांच्या देशाचं कुणीच नको? हुबळीच्या एका स्टुडिओतून त्यांनी फोटो मोठा करून आणला, सोनेरी चौकट घातली आणि दिवाणखान्यात आपल्या आईच्या फोटोशेजारी टांगला.

हार मात्र श्यामलाबाईंचा. पन्नास सालात जो गृहस्थ एवढा पिकलेला दिसतो तो आता कुठला हयात असायला, असा विचार करून त्यांनी ट्रंकेतला जादा चंदनाचा हार काढला, पुसला आणि जनरलसाहेबांच्या गळ्यात घातला. आता सासूबाई आणि जनरल, दोघे सारख्या हारांत शेजारी शेजारी. सासूबाईंना हे चाललं असतं की नाही, देव जाणे.

हे सगळं गमतीनं चाललं होतं, पण श्यामलाबाई सकाळपासून दर थोड्या वेळानं दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत होत्या. ते विहिणीसाठी नव्हतं. आज श्रीकांतभावजी येणार होते.

श्रीकांत म्हणजे मुकुंदरावांचा पाठचा भाऊ, हुबळीत वकील. आणीबाणीत तो सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटायचा. वॉरंट निघालं तसा गायब झाला, आणि शहात्तरच्या जानेवारीत पोलिसांनी त्याला हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमधून उचललं. वर्कशॉप त्याच्या वर्गमित्राचं, विठ्ठलचं. चौदा महिने तो बेळगावच्या तुरुंगात होता. त्याच चौदा महिन्यांत आई गेली आणि तिचं शेवटचं तोंड बघायलाही त्याला सोडलं नाही. सुटून आला तो घराच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, मी कुठं आहे हे फक्त तुला ठाऊक होतं. नोकरी वाचवायला भाऊ दिलास. या घरचं पाणी मला वर्ज्य." मुकुंदराव एक अक्षर बोलले नाहीत.

आणि जागा सांगितली होती ती श्यामलाबाईंनी.

तेव्हा ते धारवाडच्या माळमड्डीत भाड्यानं राहत. मुकुंदराव शाळेच्या पिशवीतून भावाला डबा पोचवत, आणि डबा भरून द्यायच्या श्यामलाबाई, म्हणून त्यांनाही ठिकाण माहीत. एक दिवस मुकुंदराव शाळेत असताना एक तरुण आला. गोरा, हसतमुख, धोतर नेसलेला. मी श्रीकांतचा लॉ कॉलेजातला मित्र, म्हणाला. आत सासूबाई तापात "श्रीकांत, श्रीकांत" करत होत्या. ते ऐकून त्याचे डोळे भरून आले. "वहिनी, तो कुठं आहे एवढं कळलं तर आज संध्याकाळी अंधारात आणतो त्याला, आईची भेट करवतो." श्यामलाबाईंनी त्याला पोह्यांची अवलक्की खायला घातली, वर दही घातलं, आणि तो दुसऱ्यांदा वाढून घेत असताना सांगून टाकलं. संध्याकाळी श्रीकांत आला नाही. त्याला पकडल्याची बातमी आली.

हे त्यांनी आधी भीतीनं सांगितलं नाही, मग लाजेनं, आणि मग न सांगण्याची सवयच झाली. पंचवीस वर्षं नवऱ्यानं गद्दार म्हणवून घेतलं आणि त्या शेजारी बसून गहू निवडत राहिल्या.

श्रीकांत अकराला आला. साकेतनं चार दिवस आधीच येऊन, स्वतः हुबळीला जाऊन पाय धरले होते, "काका, तू आला नाहीस तर मी लग्नच करणार नाही," म्हणून. त्यामुळे आला. खांद्याच्या पिशवीत नेहमीप्रमाणे पितळेचा फिरकीचा तांब्या होता. सगळ्या भावकीला हा तांब्या ठाऊक होता. मुंज असो, बारसं असो, अण्णांच्या घरचं कार्य म्हटलं की श्रीकांत वकील आपलं पाणी घेऊन येत आणि जेवणाची वेळ झाली की उपास आहे म्हणत. लोक म्हणायचे, एकादशीसुद्धा एवढ्या वेळा येत नाही.

आईच्या फोटोला नमस्कार करून त्यानं शेजारी बघितलं.

"वहिनी, हा बँडवाला कोण?"

"त्याला सांग गं," मुकुंदराव खिडकीकडे बघत म्हणाले, "की ते डोमिनिकन राष्ट्राचे उपकारकर्ते आहेत."

"वहिनी, अण्णांना विचारा, उपकार कसले केले?"

"अगं, त्याला म्हणावं, ज्ञानकोश वाच."

दोघं एकाच खोलीत, चार हातांवर. श्यामलाबाईंना या बोलण्याची इतकी सवय होती, की निरोप पोचवण्यापुरतं तोंडसुद्धा त्या आता उघडत नसत. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येई.

साकेत पाहुण्यांना आणायला घेऊन गेलेली टॅक्सी रायापूरच्या फाट्यावरून आत वळली. "बर्री, बर्री!" करत मुकुंदराव कानडीतच स्वागताला धावले. गडबडले की त्यांना कानडी सुचे. आधी साकेत उतरला, मग नूरिस. सावळी, कुरळ्या केसांची, मोठं हसणारी. आणि मग तिची आई, अल्तग्रासिया. पन्नाशीची, अंगानं भरलेली, फुलाफुलांचा झगा, त्यावर स्वेटर. न्यूयॉर्कमध्ये शिवणाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेली बाई. साकेतनं पढवलेलं असावं, कारण चपला तिनं दाराबाहेर नीट जोडून काढल्या. श्यामलाबाईंना तेवढ्यानंच ती आवडली. मनातल्या मनात त्यांनी तिचं अल्ताबाई करूनही टाकलं.

अल्ताबाई हसत आत आली, हात जोडले, मान वर केली, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून घ्यावं तसं गेलं. ती दोन पावलं मागे सरली, उघड्या दाराकडे तिनं एकदा बघितलं, रस्त्यावर कुणी उभं आहे का ते पाहिल्यासारखं. मग हळू आवाजात लेकीला काहीतरी विचारलं. लेकीनं इंग्रजीत साकेतला विचारलं. साकेतचा चेहरा उतरला.

"अप्पा, त्या विचारताहेत, हा फोटो लावायची तुमच्यावर कुणी सक्ती केलीय का?"

"सक्ती?" मुकुंदराव आनंदानं पुढे झाले. "छे छे! मी माझ्या मनानं लावलाय. त्यांना सांग, उपकारकर्ते आहेत ना..."

"अप्पा, हा हुकूमशहा होता! एकतीस वर्षं त्यानं देश टाचेखाली ठेवला. हजारो माणसं मारली. राजधानीला स्वतःचं नाव देऊन ठेवलं होतं. तुम्ही हे वाचलंत कुठं?"

"ज्ञानकोशात..."

"कुठल्या सालच्या?"

जन्मभर पोरांना 'साल आधी बघा रे' सांगितलेला माणूस तो. मुकुंदरावांनी स्टूल ओढलं आणि फोटो उतरवायला चढू लागले. स्टूल डुगडुगत होतं. श्रीकांतनं सवयीनं स्टूल धरायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

पण अल्ताबाईनं त्यांना थांबवलं. ती फोटोजवळ गेली होती. भीती ओसरून आता तिच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल होतं. तिनं एक बोट जनरलच्या हाराला लावलं आणि दुसरं सासूबाईंच्या. दोन्हीकडे सारखंच का?

श्यामलाबाईच पुढे आल्या. "आमच्यात मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. जिवंताच्या फोटोला घालायचा नसतो, अशुभ. ह्या माझ्या सासूबाई. आणि हे, मला वाटलं, एव्हाना गेलेच असतील, म्हणून."

मराठीतलं इंग्रजीत गेलं, इंग्रजीतलं स्पॅनिशमध्ये. अल्ताबाईनं ते ऐकलं, फोटोकडे बघितलं, आणि पोटापासून हसायला लागली. हसता हसता दिवाणावर बसली, स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"नूरिसची आई म्हणतेय," नूरिसचं ऐकून साकेत सांगू लागला, "की बारा वर्षांची होईपर्यंत हा तिच्या घरात भिंतीवर होता. ठेवावाच लागे. दाराशी पत्र्याची पाटी: 'या घरात त्रुहियो प्रमुख आहे.' एकसष्ट साली समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या, तरी तिच्या आईनं कित्येक दिवस फोटो काढला नाही. म्हणायची, मेला म्हणताहेत खरं, पण कुणी सांगावं? तर आता ती म्हणतेय, राहू दे तो तिथंच. हार घातलेला तिला पहिल्यांदाच बघायला मिळतोय. आपण जेवू, बोलू, त्याला बघू दे. कुणी लिहून घेणार नाही."

"आणि आणखी?" श्यामलाबाईंनी विचारलं, कारण अल्ताबाई अजून बोलत होती.

"आणि म्हणतेय, घर बघून झालं. पसंत आहे. भूक लागलीय."

मुकुंदराव स्टुलावरून उतरले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ ती काच स्वच्छच होईना.

पंक्तीला अल्ताबाई पुरणपोळीचा पहिला घास घेऊन थांबली. डाळ? गोड डाळ? तिच्या देशातही लोक घेवड्यासारखे दाणे शिजवून, वाटून, त्यात नारळाचं दूध, साखर आणि दालचिनी घालून गोड करतात, ईस्टरच्या आधी, घरोघर, आणि शेजारी वाटतात. न्यूयॉर्कमध्ये हे सांगितलं की लोक नाक मुरडतात. डाळ कधी गोड असते का! श्यामलाबाईंनी तिला दुसरी पोळी वाढली आणि वर तुपाची धार जरा जास्तच धरली. शिवाय आज एकवीस जानेवारी, अल्तग्रासिया मातेचा दिवस. हिचं नावच त्या देवीचं. "मग आधी नाही का सांगायचं, ओवाळलं असतं," म्हणून श्यामलाबाई तिला रागावल्या आणि अल्ताबाईनं ते भाषांतराशिवाय समजून मान डोलावली.

श्रीकांत पानावर बसला नव्हता. भिंतीशी खुर्ची ओढून, तांब्या पायाशी ठेवून ऐकत होता. तुरुंगात राहून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हुकूमशहाची चौकशी केल्याशिवाय राहवत नाही.

"त्यांना विचार, साकेत, माणसं पकडायचे कशी? बातमी कोण द्यायचं?"

सगळेच, असं उत्तर आलं. मोलकरीण, न्हावी, शेजारी. एका मोठ्या वर्तमानपत्रात तर पत्रांचं सदर होतं. अमका कसा वागतो, तमका काय बोलतो, निनावी किंवा खोट्या नावानं छापून यायचं. सकाळी ज्याचं नाव त्यात असे त्याच्याकडे दुपारपासून कुणी बघत नसे.

"आमच्याकडे वर्तमानपत्राची गरज पडली नाही," श्रीकांत म्हणाला. तो साकेतशी बोलत होता, पण डोळे अण्णांवर होते. "घरातलं माणूस पुरलं. हेही सांग त्यांना."

मुकुंदरावांचा हात ताटात थांबला. श्रीकांतनं स्वतःच वकिली इंग्रजीत नूरिसला ते सांगितलं आणि नूरिसनं आईला.

अल्ताबाईनं हात धुतला, पुसला. मग श्रीकांतकडे वळून बोलू लागली, थांबून थांबून, लेकीला आणि साकेतला वेळ देत. श्यामलाबाईंना तिची भाषा कळत नव्हती, म्हणून त्या तिच्या हातांकडे बघत राहिल्या. हात हवेत शिवण घालत होते.

"घरातलं माणूस," ती म्हणाली. "आमच्या घरातलं ते माणूस मी."

तिचे वडील मोका नावाच्या गावात शिंपी होते. संध्याकाळी दुकान बंद करून आले, की अंगातला कोट काढून थेट जनरलच्या फोटोवर अडकवत. सकाळपर्यंत फोटो झाकलेला. लहानग्या अल्तग्रासियानं विचारलं, बाबा, कोट त्यांच्यावर का टांगता? वडील म्हणाले, जनरलसाहेबांना थंडी वाजू नये म्हणून.

"मला ते फार आवडलं. मी अकरा वर्षांची. शाळेत निबंध आला: 'आमच्या घरातील प्रमुखांचा फोटो.' सगळ्यांनी लिहिलं, आम्ही फुलं ठेवतो, वंदन करतो. मी लिहिलं, माझे बाबा रोज रात्री त्यांना स्वतःचा कोट घालतात, त्यांना थंडी वाजू नये म्हणून. माझा निबंध सगळ्यांत चांगला आहे असं मला वाटलं. तपासणीला आलेल्या साहेबानं तो दोनदा वाचला आणि वही घेऊन गेला. माझी वही नेली याचासुद्धा मला अभिमान. आठव्या दिवशी दारात काळी फोक्सवॅगन आली. त्या गाडीचा आवाज सगळं गाव ओळखायचं. बाबा गेले ते गेले."

नूरिस हे बोलता बोलता आईकडे बघतच राहिली. हे तिनंही पूर्वी ऐकलेलं नसावं.

श्यामलाबाईंच्या हातात वाढण्याची पळी तशीच होती. दुसरं कुणी "अरेरे" म्हणालं असतं. त्यांना मात्र एकच गोष्ट विचारायची होती, आणि पंचवीस वर्षांत ती विचारता येईल असं माणूस आजच भेटलं होतं.

"त्यांना विचार, आईला सांगितलंत का तुम्ही? कधी सांगितलंत? आणि सांगितल्यावर काय झालं?"

"आई, अगं..."

"विचार म्हणते ना!"

अल्ताबाईनं श्यामलाबाईंकडे नीट बघितलं. एवढं सरळ तिला कुणी विचारलं नव्हतं बहुधा.

"तीस वर्षं नाही सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या समोर एक चांभार राहायचा. आईची खात्री, की चुगली त्यानंच केली, कारण त्याच्या खिडकीतून आमची भिंत दिसायची. आई त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. सकाळी सगळी गल्ली एकमेकांना 'बुएनोस दीआस' म्हणे, माझी आई त्याच्यापुढून मान फिरवून जाई. हळूहळू गल्लीनंही बोलणं सोडलं. तो काही बोलायचा नाही. माझे बूट मात्र शिवून द्यायचा. मग आम्ही अमेरिकेला आलो. नव्वद साली पत्र आलं, की तो वारला, आणि त्याच्या मागं चारसुद्धा माणसं गेली नाहीत. त्या दिवशी मी आईला सांगितलं. आई कच्ची केळी सोलत होती. सगळी सोलून संपवली. मग म्हणाली, तिकीट काढ. मोकाला गेली, त्याच्या थडग्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, बुएनोस दीआस. तीस वर्षांचं राहिलेलं. पण त्याला ते ऐकू गेलं नाही ना."

श्यामलाबाईंनी पळी भांड्यात ठेवली. मुकुंदराव खाली बघत बोटानं ताटातली भाताची शितं गोळा करत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस. गेल्या दिवाळीत छातीत दुखून आठ दिवस दवाखान्यात होता. उद्या हाही हार घालून त्या भिंतीवर चढला तर? मग सांगायचं कुणाला, आणि ऐकायचं कुणी?

"भावजी," त्या म्हणाल्या. "यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

"काय?"

"तुम्ही विठ्ठलच्या वर्कशॉपात आहात, हे मी सांगितलं. एक जण आला होता. तुमचा मित्र म्हणाला. आई तापात तुमचं नाव घेत होत्या. आईंशी भेट करवतो म्हणाला, म्हणून मी सांगितलं. त्याला बसवून खायला घातलं मी, भावजी. दही वाढलं. पोलीस आहे असं मनातसुद्धा आलं नाही. आणि पुढं तुम्ही यांना बोललात तेव्हा मी दाराआड उभी होते आणि गप्प बसले. तेव्हा मात्र मला सगळं कळत होतं."

साकेतनं भाषांतर केलं नाही. नूरिसनं त्याचा दंड हलवला, त्यानं मान हलवून तिला थांबवलं. अल्ताबाईला कुणी काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. ती नुसती श्यामलाबाईंच्या जवळ सरकून बसली.

श्रीकांत उठून उभा राहिला होता. बोलला तो भावाशी. मधे वहिनी न घेता, चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुला ठाऊक होतं, अण्णा?"

"होतं," मुकुंदराव म्हणाले.

श्यामलाबाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"दुसऱ्याच दिवशी मला चौकीत बोलावलं. साहेब हसत हसत म्हणाला, मास्तर, तुमच्या घरची अवलक्की आमच्या माणसाला फार आवडली. तेवढ्यानं कळलं."

"अवलक्की," श्यामलाबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्या नवऱ्यासाठी वेगळं उप्पीट करत आल्या होत्या. अवलक्कीनं पित्त होतं म्हणायचे. "म्हणजे तुम्हाला पित्त..."

"पित्त कसलं. घास खाली उतरायचा नाही." ते शितं गोळा करतच होते. "तुला काय म्हणून विचारायचं? तू कशासाठी सांगितलंस ते मला दिसत होतं की."

"मग मला का नाही सांगितलंस?" श्रीकांतचा आवाज चढला. "जन्म गेला माझा तुला शिव्या देण्यात! एक शब्द बोलायचा होतास."

"तू विचारलंस कुठं? उंबऱ्यात उभा राहून निकालच दिलास. वकील ना तू." मुकुंदरावांनी पहिल्यांदा मान वर केली. "आणि सांगितलं असतं तर तू हिचं तोंड बघितलं नसतंस. आपली आई गेली होती, श्रीकांत. कुणावर तरी तुला रागवायचंच होतं. मी भाऊ. माझ्यावर रागावलेला बरा. भावाला ते सोसवतं."

श्रीकांत आईच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला. पाठमोरा. शेजारून जनरल पिसांची टोपी घालून सगळ्या घराकडे बघत होता.

"वहिनी," तो न वळता म्हणाला, "आई शेवटी काय म्हणाली?"

"विचारत होत्या, श्रीकांत जेवला का. मी म्हटलं, जेवला."

"खोटंच की."

"खोटंच."

"तुमच्यावर मला राग येतोय, वहिनी."

"येऊ दे, भावजी. माझ्या वाटचाच आहे तो."

त्यानं वळून खुर्चीपाशीचा तांब्या उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला. चपलांचा आवाज पायरीपर्यंत गेला आणि थांबला. साकेत मागं जायला उठला. मुकुंदरावांनी त्याला हातानं बसवलं. श्यामलाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. गेले, त्या मनाशी म्हणाल्या. सांगून टाकलं आणि माणूस गेलं. अल्ताबाईच्या आईला निदान थडगं तरी भेटलं.

मग बाहेरून पाण्याचा आवाज आला. पायरीशेजारच्या जाईच्या आळ्यात कुणीतरी धार धरली होती, बारीक, बराच वेळ, शेवटच्या थेंबापर्यंत.

श्रीकांत परत दारात आला. उंबऱ्याच्या आत आला, दिवाणखाना ओलांडून सरळ श्यामलाबाईंपुढे उभा राहिला आणि रिकामा तांब्या त्यानं पुढे केला.

"भरून द्या."

श्यामलाबाई उठल्या. घाईत माठातलं थोडं पाणी जमिनीवर सांडलं. तांब्या काठोकाठ भरून त्यांनी झाकणासाठी हात पुढे केला.

"फिरकी नको, वहिनी," श्रीकांत म्हणाला. "इथंच पितो."